सव्वीस वर्षांत एक गजकर्ण नाही!

४ मार्च, सोमवार

दोनशे डोकी! एका दिवसात! छावणीत न्हावी म्हणून लागल्याला सव्वीस वर्षं झाली, पण असा रगाडा कधी नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात — इथे भिंतीकडे बघायलाही फुरसत नव्हती!

मिशीवाले साहेब म्हणाले, "लढायला नाही हो, सल्ला द्यायला चाललेत. महिनाभर कवायत, मग जहाज." समुद्रापलीकडे कुणाचं तरी भांडण आहे म्हणे. पण सल्ला द्यायला दोनशे माणसं? आमच्या घरी सासूबाई एकट्या पुरतात.

५ मार्च

खांदा धरलाय. हिने तेल चोळून दिलं. सोबत टोमणे फुकट.

१९ मार्च

काल आणि आज मिळून चारशे. साहेब म्हणाले, "हे सल्लागारांच्या रक्षणाला." म्हणजे सल्ला कुणाला आवडलेला दिसत नाही!

घरी आलो तर चिरंजीव आरशासमोर. केस खांद्यापर्यंत. म्हटलं, "अरे, गाव हसतं मला. न्हाव्याच्या घरात हे जंगल!" तर म्हणतो कसा, "बाबा, तुमच्या हातात मशीन आहे तोवर मी तुमच्याकडे पाठ करायचा नाही." ही फिदीफिदी हसली. मायलेक एक झालेत. चिरंजीव कॉलेजात शिकतात म्हणून लष्कराच्या सक्तीतून सूट. शिकतात कसले, केस विंचरतात!

२ एप्रिल

एका पोराच्या टाळूवर नाण्याएवढं गजकर्ण निघालं. मशीन फिरवून झाल्यावर दिसलं! डॉक्टरांकडे पाठवला. नियम आहे — गजकर्ण असेल तर जहाज बंद, एकाचं साऱ्यांना होतं. बरं होईपर्यंत घरी. आणि डोक्यातलं ते लेकाचं चिवट, तीन-तीन महिने हलत नाही.

पोरगं रडेल म्हटलं, तर चक्क माझ्या पाया पडलं! "अरे बाबा, माझा काय संबंध? तू घरूनच घेऊन आलास!" नाचत गेलं.

पाती दोनदा उकळली. सव्वीस वर्षांत सरकारं बदलली, साहेब बदलले, पण माझ्या हातून एका डोक्याचं दुसऱ्या डोक्याला कधी गेलं नाही. डॉक्टरसुद्धा मानतात.

३ एप्रिल

कहर झाला! रांगेतले तिघे हळूच म्हणतात, "काका, काल त्याला लावलेलं मशीन कुठलं? न उकळता आम्हाला लावाल?" कात्री उगारली त्यांच्यावर. निर्लज्ज मेले! माझ्या हत्याराला काही अब्रू आहे की नाही?

४ एप्रिल

त्यांतल्या एकाला अजून मिसरूडही फुटलेलं नव्हतं. उगाच ओरडलो.

२१ मे

आठवड्यात दोन हजार. मदतीला दोन न्हावी दिलेत, दोघंही कान कापणारे. केसांची पोती जिन्यापर्यंत आली. रेडिओवाला म्हणतो, "आपल्यासारख्या बलाढ्य देशाने गप्प बसायचं का? महिन्याभरात सगळे परत येतील." मार्चमध्येही हेच म्हणाला होता. तोच माणूस, तोच घसा!

मिशीवाले साहेब स्वतः खुर्चीत बसले. त्यांचंही नाव निघालं. "मिशी तेवढी ठेवा," म्हणाले. या खेपेला सल्ल्याबिल्ल्याचं काही बोलले नाहीत.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मार्चमध्ये ज्यांची डोकी केली, त्यांचे केस एव्हाना वाढले असतील. कापायला अजून एकही आलेला नाही.

११ जून

कॉलेजवाल्यांची सूट रद्द. दुपारी पाकीट आलं. ही पाकिटावर हात ठेवून बसून राहिली. सासूबाईंनी दिवसभरात एकही सल्ला दिला नाही.

१२ जून

चिरंजीव म्हणाला, "बाबा, शेवटी जिंकलात! सोमवारी तुमच्याकडेच येतो." हसत म्हणाला. मला जेवण गेलं नाही. भीती वाटते. कुणाला सांगू? म्हणून इथे लिहितो.

१५ जून

ही म्हणाली, "तुमची एवढी ओळख आहे, कुणाला तरी सांगा ना." ओळख कुणाशी? मला सगळ्यांची डोकी तेवढी माहीत. मिशीवाले असते तर त्यांच्यापाशी शब्द टाकला असता.

१७ जून, सोमवार

सकाळी रांगेत एक गजकर्णाचं डोकं आलं. या वेळी बसल्याबसल्याच दिसलं. तरी मशीन पूर्ण फिरवलं, मग डॉक्टरांकडे पाठवला. पाणी उकळत होतं. पाती उकळली नाहीत. पुसलीसुद्धा नाहीत.

हाक मारली, "पुढचा!"

चिरंजीव माझ्याकडे पाठ करून बसला. मशीन दोनदा फिरवलं.