रिकाम्या ताटावरचा पाहुणा

क्राकुव, नाताळचा दुसरा दिवस

तीर्थरूप दानुताताईस,
धाकट्या बोगनाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

म्रोचेक तुला ठाऊक आहेच. (तुझ्या भाषेत 'तो मेला'. ही भाषा मीच तुला शिकवली.) आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत समोरासमोर टेबलं आणि मधे नऊ वर्षांचं भांडण, तेही एका शब्दावरून: 'गोस्ति', म्हणजे पाहुणा. आपल्या स्लाव पूर्वजांनी तो कुठे लिहून ठेवलेला नाही, म्हणून आम्ही आजच्या भाषांवरून जुळवतो आणि त्याच्यापुढे चांदणी काढतो: पाहिलेला नाही, पण असणार. मी म्हणते, शब्द आपल्या घरचा. तो म्हणतो, शेजारच्या जर्मनांकडून उसना आणलाय. बरं, शब्दाची एकवचन, द्विवचन, बहुवचन अशी रूपं चालवतानाही 'एक पाहुणा, दोन पाहुणे, पुष्कळ पाहुणे' हे मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणायचा, जसं काही माझ्याकडे कुणी फिरकतच नाही! (फिरकत नाही हे खरं. पण म्हणून बोलून दाखवायचं?)

परवा नाताळची सांज. आकाशात पहिली चांदणी दिसली तशी मी बीटाचं सार, कार्प मासा मांडला आणि रीतीप्रमाणे वाट चुकलेल्या पाहुण्याचं रिकामं ताटही. आजवर त्यावर कोण बसलंय गं? आपण पोलिश माणसं ते ताट मांडतो, ते कुणी येणार नाही या भरवशावरच! मासासुद्धा मी एकच तुकडा आणला होता. तेवढ्यात दार वाजलं. दारात म्रोचेक. "बोगनाबाई, माझ्या घरचं हीटिंग बंद पडलंय. ताट रिकामं असेलच ना?" आता त्या सांजेला कुणाला हाकललं असतं, तर आई स्वर्गातून लाटणं घेऊन उतरली असती.

जेवणाआधी ती पापडासारखी पवित्र रोटी एकमेकांच्या हातातली मोडायची, मागचं माफ करायचं, भलं चिंतायचं. मी दात आवळून म्हटलं, "तब्येत सांभाळा." त्याने माझ्या हातातला तुकडा मोडला आणि म्हणाला, "शब्द घरचाच असू दे, बाई. नऊ वर्षं तुमच्याशी भांडलो नसतो, तर बोललो कुणाशी असतो?"

ताई, मला रडूच कोसळलं. मासा अर्धा अर्धा केला. (काटे त्याच्या वाट्याला जास्त गेले, तो योगायोग.)

तुझीच,
बोगना

ता. क. आज त्याच्या घरी जाऊन आले. हीटिंग उत्तम चालतं. लबाड!

आणखी एक ता. क. फेब्रुवारीत आम्ही दोघं लग्न करतोय. म्रोचेक पाऊल टाकेल त्या घरचं पाणी पिणार नाही, ही तुझी शपथ मी विसरलेले नाही.

शेवटचं ता. क. शपथ मोडू नकोस. मी तुला बोलावत नाहीच. पण म्रोचेक आता घरचा झाला, तेव्हा लग्नाच्या जेवणाला ते ताट पुन्हा रिकामं राहील. नुसती दारात येऊन उभी राहा. मासा या वेळी तीन तुकडे आणते.