ला बेद्दू यांचा आवाज त्यांच्या पत्नीकडे पोहोचवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
परदेश अध्ययन कक्ष,
नीलपद्म भाषा प्रतिष्ठान, पुणे

विषय : एक ध्वनिमुद्रण संग्रहात जमा न करता मृताच्या पत्नीस नेऊन देण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : मुद्रणे जमा करण्याविषयीचे आपले स्मरणपत्र.

महोदय,

१. मी आपल्या शिष्यवृत्तीवर आयर्लंडमधील कॉर्क येथे बुगी व इंडोनेशियन भाषांतील शब्दसिद्धीचा तौलनिक अभ्यास करीत आहे. नोव्हेंबरात एनिसच्या एका रुग्णालयातून विद्यापीठात फोन आला. मासेमारी बोटीवरचे खलाशी ला बेद्दू यांना पक्षाघात झाला होता. त्यांची इंग्रजी गेली, इंडोनेशियनही गेली. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची त्यांची मायबोली बुगी तेवढी उरली. ती थोडीफार जाणणारी आसपास मीच एक, म्हणून बसने गेले. त्यांनी मान हलवून संमती दिल्यावर मुद्रण केले.

२. ते एकच शब्द उच्चारत होते : ‘पालिसु’. ‘लिसु’ म्हणजे परतणे. इंडोनेशियनमध्ये अशा धातूला पुढेमागे दोन्हीकडे प्रत्यय लागतात. बुगीत आधी नुसता ‘पा’ लागला की अर्थ होतो, परत पाठवा. नर्सला मी तसे सांगितले. ती म्हणाली, “अहो, यांना कुशीवरही वळता येत नाही.” खात्री करण्यासाठी मी तो शब्द त्यांच्यापुढे पुन्हा उच्चारला. त्यांना तो होकार वाटला. माझा हात धरून ते शांत झाले. ‘तसे नाही’ हे समजावण्याइतकी बुगी मला येत नव्हती.

३. मी पुन्हा जाण्याआधीच ते वारले. देह मायदेशी पाठवण्याबाबत बोटीच्या दलालाला लिहिले; त्याने उत्तर दिले नाही. दफन एनिसलाच झाले. तेव्हापासून भर दिवसा, भांडी विसळताना, वर्गात शिकवताना, तो आवाज माझ्या कानाशी येतो. आईशी फोनवर बोलताना माझ्या मराठी क्रियापदांआधी ‘पा’ लागतो. ती घाबरून फोन बाबांकडे देते.

४. खलाशांच्या ओळखीतून त्यांच्या पत्नी, सुलावेसीवरील बोने जिल्ह्यातील ई तेन्री, यांचा पत्ता लागला. फोनवर सगळे सांगितले. त्या इंडोनेशियनमध्ये म्हणाल्या, “देह राहू दे तिकडे. पण त्यांना तू हो म्हणालीस ना? मग आवाज तरी घरी आण.”

५. करारानुसार मुद्रण प्रतिष्ठानच्या मालकीचे आहे, हे मी जाणते. तरी ते नेण्याची अनुमती द्यावी, ही विनंती. नकार आल्यास शिष्यवृत्ती सोडावी लागेल, याची मला कल्पना आहे. मी शनिवारी निघत आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
विभावरी मोरेश्वर चांदोरकर
कॉर्क, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत; प्रबंधाचे चौथे प्रकरण.
ध्वनिमुद्रण जोडलेले नाही.