दोन तारखेचा डाग

॥ श्री ॥
केडगाव, ६ जानेवारी २०२६

ती. सौ. रेश्माताईस,
धाकट्या पंकजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. इथं खोल्या दोन आणि सासूबाईंचे कान चार. फोनवर असलं बोलता येत नाही.

माझी पाळी सात तारखेच्या आसपास यायची होती. पण दोन तारखेलाच कपड्यावर डाग दिसला. लालभडक नाही, विटकरी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थोडंसं, मग काहीच नाही. पोटही दुखलं नाही. मी घाबरून सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी लगेच मला बाजूला बसवलं. आज डोक्यावरून पाणी घेतलं तेव्हा कुठे चुलीपाशी जाऊ दिलं. कॅलेंडरवर दोन तारखेला गोल केलाय. त्या हिशोबानं पुढची पाळी तीसला, आणि तीसलाच, शुक्रवारी, घरी देवीचा गोंधळ. नव्या सुनेनं बाजूला बसून कसं चालेल? म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या आतापासूनच देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी आणून ठेवल्यात. सत्तावीसपासून घ्यायच्या.

ताई, ही खरंच पाळी होती का गं? लग्नाला आठच महिने झालेत, पण मनात येतंच. इतके दवाखाने करून तू अर्धी डॉक्टरीण झालीस, तूच सांग. भाऊजींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती पत्रातून कळू दे.

तुझी,
पंकू


॥ श्री ॥
तिसगाव, ११ जानेवारी

चि. सौ. पंकजास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अर्ध्या डॉक्टरणीचं ऐक. ती पाळीच होती. थंडीत, दगदगीत चार दिवस अलीकडे येते, एखाद्या महिन्यात कमीही जातं. चाचणीबिचणी करत बसू नकोस. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी दर महिन्याला स्वप्नं बघायचे आणि दर महिन्याला तोंडावर आपटायचे. तुला इतकी घाई कशाची? सासूबाई देतील त्या गोळ्या घे आणि गोंधळाला छान नटून मिरव.

इकडे कांद्याची काढणी चालू आहे. आमच्या जाऊबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेलेत. त्यांना ताक लागतं, लिंबू लागतं, मध्येच चिंच लागते, आणि ते सगळं मीच नेऊन देते. एकाच घरात एकीला उलट्या आणि दुसरीला उलट्यांची हौस. ह्यांच्या बनुआत्या परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘रेश्माचा हात लई चांगला हाय, दुसऱ्याच्या लेकरांचं समदं करती.’ मी हसले. न हसून काय करते?

सुनीलरावांना आशीर्वाद. आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझी ताई,
रेश्मा


तिसगाव, २५ जानेवारी

चि. पंकू,

हे पत्र आपल्या अजिनाथच्या हाती देतेय. तो कांद्याचा टेम्पो घेऊन नगरला निघालाय, तिथून केडगावला येईल. तुझ्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं भावाला शपथ घालून सांगितलंय. काल दोनदा फोन केला, दोन्हीदा तुझ्या सासूबाईंनी उचलला. गोंधळाची चौकशी करून ठेवून दिला.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. चुकून नाही, समजून उमजून.

पाळीच्या चार-सहा दिवस आधी फिकट, थोडासा, एक-दोन दिवसांचा डाग काही बायकांना गर्भ पिशवीत रुजताना दिसतो. मला हे डॉक्टरीणबाईंनी कधीच सांगितलेलं. असा डाग दिसला म्हणजे दिवस गेलेच असं नाही, दुसरी कारणंही असतात. पण तो पाळी म्हणून मोजायचा नसतो. नेहमीची तारीख उलटली की चाचणी करायची. तुमच्या घरानं तुला बाजूला बसवलं आणि डागाची पाळी करून टाकली. तारीख तीसवर गेली, त्यामुळे सातची पाळी चुकली की काय हे कुणी बघितलंच नाही. मी विचारू शकत होते. उत्तर नको होतं म्हणून विचारलं नाही.

जळले मी, पंकू. जाऊबाई परकी आहे, तिचं सोसते. पण तू? तुझ्या वेण्या मी घातल्या, आणि तू आठ महिन्यांत माझ्यापुढे जाणार? तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दर वाचनाला जास्त पेटले.

काल जाऊबाईंच्या तपासणीला सोबत गेले होते. तिथं डॉक्टरीणबाई एका बाईला बजावत होत्या की दिवस गेल्याची शंका असेल तर पाळी लांबवायची गोळी घ्यायची नाही. मला सत्तावीस तारीख आठवली आणि घरी आल्याआल्या तुला फोन लावला.

गोळी घेऊ नकोस. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी कर. पोटात एका बाजूला दुखलं, चक्कर आली किंवा रक्त जास्त गेलं, तर गोंधळ बाजूला ठेव आणि दवाखाना गाठ.

आशीर्वाद द्यायला मला तोंड नाही. तरी देतेय.

रेश्मा


॥ श्री ॥
केडगाव, २६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
पंकजाचा नमस्कार.

सकाळी चाचणी केली. दोन रेघा आल्या. गोळ्यांचं पाकीट मी सुनीलच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. सासूबाई आधी कॅलेंडरकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, ‘मंग मी तुला उगाच बसवलं व्हय?’ आता मला खाली वाकूही देत नाहीत.

तुझा राग आलाय. खूप आलाय. उद्यापासून मी त्या गोळ्या तुझ्या शब्दावर घेणार होते, सासूबाईंच्या नाही.

आता माझंही ऐक. त्या डागाची शंका मला पहिल्याच दिवशी आली होती. इथल्या आरोग्य केंद्राच्या आशाताई दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यांना विचारता आलं असतं. तरी तुला लिहिलं. शाळेत नंबर तुझा, माहेरी शब्द तुझा, बाबा हाक मारायचे तीही आधी तुला. एकदा तरी मी पुढे गेले हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू जळशील हे मला ठाऊक होतं, ताई. म्हणूनच इतकं सविस्तर लिहिलं.

शनिवारी सोनोग्राफी आहे. सोबत कोण येणार असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या असताना मी तुझं नाव सांगितलं. शुक्रवारी गोंधळाला ये आणि मुक्कामाला राहा. जळणं थांबलं नसेल तरी ये. माझा रागही तोवर जाणार नाही.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही तुझ्यावरच.

तुझी,
पंकू