वळचणीखालची भिंत

मॅडम,

तुमच्याकडे सर्वेक्षण शिकलेल्या आम्हा सगळ्यांची एक समाईक तक्रार आहे आणि ती दुसऱ्या कुणापुढे मांडावी हे मला सुचत नाही. नकाशा काढायच्या आधी त्याच्यावर संशय घ्यायला तुम्ही आम्हाला शिकवलंत. बाहेर मात्र सगळ्यांना फक्त नकाशा हवा असतो, तोही कालच. तपासू म्हणणारा माणूस म्हणजे कामात खोडा. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तुम्ही सुटलात.

ताथवड्याच्या कॉलेजातला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंवरून आमच्या गटाने आजूबाजूच्या शिवाराचा नकाशा केला होता. जमिनीवरची काही ठिकाणं नीट मोजायची, फोटो त्यांच्यावर बसवायचे आणि मग बाकीचं रेखाटायचं, अशी ती पद्धत. नकाशा झाल्यावर आम्ही तीच ठिकाणं पुन्हा तपासली आणि चूक जवळजवळ शून्य आल्याचं तुम्हाला ऐटीत सांगितलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता, माझ्याकडे बघता. "पेपर तूच काढलास, तूच सोडवलास आणि मार्कही तूच दिलेस? इंजिनिअरिंग कशाला करतोस रे, निवडणूक लढव." सगळा वर्ग हसतो. मग भर उन्हात तुम्ही आम्हाला बाहेर पिटाळता: ज्यांच्यावर नकाशा बसवला ती ठिकाणं सोडा, जिथे तो चुकायची भीती सगळ्यात जास्त तिथे जा, झाडाखाली, भिंतीच्या पायाशी, आणि तिथे टेप लावा. मी निवडणूक लढवली नाही. चाकणच्या कारखान्यांबाहेर, गेटवर, कामगारांच्या सभांत बोलत मात्र राहिलो.

मोशीच्या जुन्या गावठाणात एक मावशी खाणावळ चालवतात. भोसरीच्या वर्कशॉपमधली पोरं शिफ्ट सुटली की तिथे जेवायला येतात, सभेनंतर मीही जातो. गेल्या महिन्यात त्यांच्या पुढच्या भिंतीवर लाल फुली आली. ड्रोनच्या फोटोंवरून नवा नकाशा झाला आहे आणि त्यात रुंद होणाऱ्या रस्त्याची रेषा खाणावळीच्या खोलीतून जाते. मी तो नकाशा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. वरून पाहणाऱ्याला पत्रा दिसतो. वळचणीखाली हातभर आत असलेली भिंत दिसत नाही. नकाशा करणाऱ्या कंपनीने पत्र्याची कड हीच भिंत धरून घर काढलं होतं. मी रस्त्याच्या मध्यापासून टेप लावली. रेषा पत्रा कापते, भिंतीला शिवतसुद्धा नाही.

महापालिकेच्या कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "अहो भाऊ, अॅक्युरसी रिपोर्ट आहे ना. दोन बोटांचाही फरक नाही."

"कुठे तपासलंय?"

त्यांनी पडद्यावर दाखवलं. मोठ्या रस्त्यावर आणि मोकळ्या माळावर चुन्याच्या पांढऱ्या फुल्या. ज्यांच्यावर फोटो बसवले त्याच त्या. गावठाणाच्या गल्लीत एकही नाही.

"मग दुसऱ्या कुठल्या घेणार? ह्याच तर एकदम क्लिअर दिसतात!"

मावशी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "आबाळातून फोटू काढताय, अन् दारात यायला पाय दुखत्यात व्हय? पत्रा म्हनाल तर आत्ता उतरवते. पर भिंत पाडली तर ही पोरं जेवाया बसवू कुठं, तुमच्या टेबलावर?"

सुनावणीत मी बोललो. कसं बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या बाकावरून कुणी "वा भावा!" म्हणालं. साहेबांनी टाळ्या थांबू दिल्या आणि शांतपणे विचारलं, "हे मोजलं कुणी? तुम्हीच. आणि भाषण? तेही तुमचंच." सभागृह हसलं. मी खाली बसलो. ज्याने आपला नकाशा कधी दुसऱ्याला तपासू दिला नाही, त्याने मला हे विचारावं, मॅडम! आणि त्याचा प्रश्न बरोबर असावा, याचीच चीड जास्त आहे. पुढची सुनावणी गुरुवारी आहे. त्यानंतर भिंत पडेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकणारही नाही. आपल्या बॅचच्या ग्रुपवर मात्र कालपासून एक मजकूर लिहितो आणि पुसतो आहे. त्यातले निम्मे लोक अशाच कंपन्यांत नकाशे करतात. गेटवर कुणाच्या बापाला न भिणारा मी, त्यांच्यापैकी एकही आला नाही तर काय, या विचाराने गप्प बसलो आहे. आता पुसत नाही. तो असा आहे: बुधवारी सकाळी आपापली टेप घेऊन मोशीला या, मावशींच्या खाणावळीची भिंत मोजा, आणि मी किती मोजलं ते मला विचारू नका.