बाबांचा टोप आणि आभाळातली नोंद

तीर्थस्वरूप बाबाजीमामांस,

उरणहून तुमच्या परेशचा वाकून नमस्कार. (मधे खाडी आहे, घाट आहे; पोचेपर्यंत नमस्कार थोडा वाकडा झाला असेल तर सरळ करून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तुमच्या तळा गावची हवा चांगली, पाणी चांगलं, असं तुम्ही दर फोनला सांगता, तेव्हा बरे असणार असं धरून चालतो. आम्हीही जिवंत आहोत. इथली हवा म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांनी उडवलेली धूळ. ती सगळ्यांना सारखी मिळते, म्हणून कोणी कुरकुर करत नाही.

फोन सोडून पत्र का, असं मनात येईल. तर मामा, फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही ‘बघू, होईल’ म्हणता. तुमच्या भाचीच्या, अमिषाच्या लग्नाला येण्याबद्दल आईने विचारलं, मी विचारलं, खुद्द नवरीने विचारलं, तिघांनाही तेच उत्तर. बाबा गेल्यापासून तुम्ही उरणकडे फिरकला नाहीत, त्याचं कारण नुसता गुडघा नाही हे आम्हाला कळतं, म्हणून रागही धरता येत नाही. पण ‘होईल’ हा शब्द सध्या माझ्या डोळ्यात मिरची गेल्यासारखा झोंबतो. का, ते पुढे येईलच.

बाबा गेले त्या वर्षी आईने गावकीला मोठा पितळी टोप दिला. त्यावरची अक्षरं तुमचीच. तुम्ही मास्तरी वळणात कागदावर लिहून पाठवलीत आणि कोरणाऱ्याने जशीच्या तशी गिरवली: ‘कै. दत्तात्रेय यांच्या स्मरणार्थ, सगुणाबाईंकडून गावकीस.’ तेव्हापासून आईची एकच इच्छा आहे, अमिषाच्या हळदीचा भात त्याच टोपात शिजावा. कन्यादानाला बाप नाही, निदान भाताला तरी असू दे, म्हणते. दागिन्यांचं ती विचारत नाही, मांडवाचं विचारत नाही, टोपाचं मात्र रोज विचारते. आणि मामा, हळदीच्या दिवशी तो टोप आपल्याला मिळणार नाही. घालवला कोणी म्हणाल, तर तुमच्या या भाच्याने, शिकून सवरून, स्वतःच्या हाताने.

आता मुळापासून सांगतो. आपल्या गावकीच्या भांड्यांचा कारभार रघूनानांच्या डोक्यात चालायचा. आपल्याकडे भांड्याचं माप कोणी विचारत नाही, ज्याच्या स्मरणार्थ दिलं त्याच्या नावानेच ते ओळखलं जातं. ठमाबाईत वरण शिजतं, बाबाजीला कल्हई हवी आहे (तुमचे नामबंधू, मनावर घेऊ नका), असं सर्रास बोललं जातं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. कोणतं भांडं कोणत्या हळदीला जाणार हे नानांना तोंडपाठ. पण नानांचं वय झालं. एका बारशाला त्यांनी ठमाबाईला करंजा गावाला पाठवलं आणि पाहुणे इकडे वरणाशिवाय भात चिवडत बसले. तेव्हा गावकीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, आपला परेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर असतो, त्याला सांगा. मामा, गावात कॉम्प्युटर येणाऱ्या माणसाची स्थिती जावयासारखी नसते, घरगड्यासारखी असते. मी हो म्हणालो.

मी ठरवलं, नोंदी क्लाउड डेटाबेसमध्ये ठेवायच्या. म्हणजे नोंदी आपल्या गावात नसतात, कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या लांबच्या यंत्रांत असतात, आणि आपण भाडं भरून त्यांना प्रश्न विचारतो. प्रश्न विचारणारा जो छोटा प्रोग्राम आपल्या फोनमध्ये बसतो, त्याला क्लायंट म्हणतात. मला फक्त हा क्लायंट बांधायचा होता. ‘फक्त’ या शब्दाने आजवर किती घरं बुडवली असतील कोण जाणे. एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, घातली की ती दुसरी मागे, दुसरी घातली की पहिली म्हणे ही जुनी आहे, हिच्यासोबत मी राहणार नाही. सासू-सुनांची समजूत काढता येते, मामा, यांची नाही. आजोबांच्या मिठागरात कसं, पाणी अडवलं की उन्हाची वाट बघत बसायचं, मीठ त्याच्या वेळेनेच धरतं. मीही तसाच जेवणाच्या सुट्टीत पडद्यावरची रेघ सरकायची वाट बघत बसे. तिथे निदान शेवटी मीठ तरी हाताला लागायचं.

मग आल्या सेटिंग्ज. यंत्रं कुठल्या प्रदेशातली हवीत, हा पहिला प्रश्न. यादीत सगळं जग होतं. नाना म्हणाले, “जमीन गेली, मिठागरां गेली, आता टोप तरी गावान र्‍हाऊ दे.” मी त्यांना सांगितलं की टोप गावातच राहतो, जाते ती नोंद. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच भूसंपादनाची नोटीस घेऊन आलोय. मी घाईने मुंबई निवडली. पण एका फाइलमध्ये मुंबई झाली आणि दुसरीत आधीचा परदेशच राहिला, त्यामुळे आपल्या ठमाबाईचा प्रश्न कितीतरी दिवस सातासमुद्रापार जाऊन परत येत होता. (हयातीत ती पनवेलच्या पुढे गेली नव्हती.) दुसरी गोष्ट गुप्त चावीची. ही अक्षरांची लांबलचक माळ असते, ती कोणाला दाखवायची नसते. नानांनी ती माझ्याकडून छापून घेतली, प्लास्टिकमध्ये घालून आणली आणि भांड्यांच्या खोलीच्या कुलपाच्या चावीशेजारी खिळ्याला टांगली. चावी ती चावी, म्हणाले, हरवली तर खोली कोण उघडणार? तिसरी गोष्ट, उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं. मी थोडाच वेळ ठेवला, कारण आपल्याकडे नेटवर्क असतं तेव्हा असतं, नसतं तेव्हा रस्ता खणणारा माणूस दात कोरत उभा असतो.

इथवर सगळं चारचौघांसारखं होतं. माती खाल्ली ती यापुढे. तिकडून येणारी उत्तरं फार सभ्य आणि स्पष्ट असतात हो. हे आधीच दुसऱ्याने घेतलं आहे. तुम्हाला हा अधिकार नाही. तुमचा प्रश्न पोचलाच नाही, पुन्हा विचारा. मी त्यांचं सरळ मराठी केलं होतं. गावकीच्या खोलीत पहिली चाचणी झाली, पंच बसलेले, चहा आलेला. नानांनी नातवाच्या बारशासाठी टोप मागितला आणि फोनवर लाल अक्षरांत उमटलं, ‘नाही.’ नानांचा चेहरा पडला. “शुभकार्याला नाय बोलतो तुजा मशीन?” एवढंच म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला.

त्यांचंही खरंच आहे. तांदूळ संपले तरी आई ‘तांदूळ वाढले’ म्हणते, निघताना ‘जातो’ म्हटलं की पाठीत धपाटा मिळतो. अशा गावात भांडं मागायला आलेल्याला नाही कोण म्हणणार? नाना उभ्या आयुष्यात म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, ‘बघू, होईल.’ मग मी लाल अक्षरं काढली आणि जिथे जिथे नकार होता तिथे तिथे ‘बघू, होईल’ टाकलं. नोंद खरोखर झाली तर ‘झालं’ ठेवलं होतं, त्यालाही पंचांची हरकत. लग्न अजून लागायचंय आणि हा आधीच झालं म्हणतो! तेही काढलं. आता तिकडून काहीही उत्तर येवो, न येवो, आपला क्लायंट हसतमुखाने एकच बोलायचा. गाव खूश. शेजारच्या सखुकाकू तर म्हणाल्या, “पोराचा मशीन नानांसारखा गोड बोलतो.”

फरक इतकाच की नाना ‘होईल’ म्हटल्यावर संध्याकाळी काठी टेकत दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसत, याची समजूत काढ, त्याचा दिवस पुढे ढकल, शेजारच्या गावातून हंडा आण, असं करून ते घडवून आणत. माझा क्लायंट म्हणायचा आणि गप्प बसायचा. हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचवणारं कोणी नव्हतं, कारण सगळे खूश होते.

अमिषाच्या हळदीसाठी टोपाची नोंद सगळ्यात आधी मीच केली. फोन म्हणाला, ‘बघू, होईल.’ मी निर्धास्त झालो. मामा, ते वाक्य मी स्वतः लिहिलंय, त्याला काही अर्थ नाही हे पृथ्वीतलावर फक्त मला माहीत होतं, आणि तरी माझाच विश्वास बसला. माझा प्रश्न गावाबाहेर पोचलाच नव्हता. पुढे त्याच दिवसासाठी सखुकाकूंनी टोप मागितला, त्यांच्या रुचिकाची हळद तेव्हाच आहे. त्यांचं नशीब थोर, नेटवर्क होतं. परवा यार्डात जेवता जेवता सहज मूळ नोंदी उघडल्या, तर टोपासमोर सखुबाई. डबा तसाच झाकून ठेवला.

मग जे केलं ते तुम्हालाच सांगतो. सखुकाकूंची नोंद खोडायची ठरवली. लाज वाटली, पण आईचा चेहरा समोर आला की लाज मागे सरते. बटण दाबलं. फोन म्हणाला, ‘बघू, होईल.’ मी पुन्हा दाबलं. ‘बघू, होईल.’ शेवटी आठवलं, नोंदी खोडायचा अधिकार मी नानांशिवाय कोणालाच दिलेला नाही, मलासुद्धा नाही. तिकडून मला साफ नकार येत होता आणि माझंच पोर तो गोड करून मला भरवत होतं. इतकं एकटं मला बाबा गेल्यानंतर तेव्हाच वाटलं.

नानांकडे जायचा धीर होत नाही. ते उठतील, काठी घेतील आणि या वयात सखुकाकूंच्या ओट्यावर जाऊन बसतील. आई रोज संध्याकाळी विचारते, “परेश, टोप हाय ना रं?” आणि मी मान खाली घालून म्हणतो, होईल.

मामींना नमस्कार. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधत जा.

तुमचा,
परेश

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलंच. तळ्याच्या बाजारात तसाच पितळी टोप मिळेल का बघाल? मिळाला तर पूर्वीसारखीच अक्षरं तुमच्या हाताने लिहून कोरून घ्या आणि हळदीच्या सकाळी टेम्पोने पाठवा. नवा वाटू नये म्हणून बाहेरून थोडा काळा करून घ्यावा. आईला कळता कामा नये. तिची नजर आता पूर्वीसारखी नाही.

आणखी ता. क. दादूस, मी सगुणा. माजी नजर चांगली हाय. पोरगा पाकीट उघडाच ठेवून आंघोलीला गेला. त्याचा काय आयकू नको, टोप बिप धाडू नको. सखू मशीनला विचाराचे आधी माजे दारान आलती. बोलली, रुचिकाचे हलदीला दत्तात्रेय मिलंल का? मीच बोलले, घेऊन जा. तुजे भावजी गेले तवा आमची चूल बंद, तिचेच घरचा भात आलता, तू पन खाल्लास तो. तिचे पोरीला न्हाय कशी बोलू? टोप गावाला दिला तो गावाचा. पोराला रोज विचारते ती मुद्दाम, बगते कवा खरा बोलतो. अजून बोलला न्हाय. नाना मना बोलले, आपले पोरीचा भात ठमाबायमदी शिजवू, ती पन आपलीच. आता पोरीचा बाप न्हाय, टोप न्हाय, र्‍हायला मामा. तिला धरून मांडवान कोन आननार? येतंस का न्हाय ता एकदा सांग. न्हाय बोललास तरी चालंल. होईल बोलू नको.