हेडरवरचं नाव

३ फेब्रुवारी, तुळजापूर

सोनारीच्या दूध केंद्रावरचं फॅट मोजायचं मशीन बंद. कृष्णराज सरांचा फोन. ही मशिनं तेच बनवतात, मुकुलदादा वारेपर्यंत त्यांच्याकडेच कामाला होता. "मुकुलची हेडर फाइल जोडली की प्रोग्रॅम तयारच होत नाही. शेवटी शेवटी त्याचं लक्ष नव्हतं बहुतेक."

मी म्हणालो, बघतो.

दादा गेल्यावर अक्षरावहिनींनी ती प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडायची फाइल सरांना पाठवायला काढली, तेव्हा "जरा नीट करून देतो" म्हणून मीच बदलली होती. वर नाव त्याचंच राहिलं. वहिनी शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, पण सी भाषेतलं हे काम माझ्यावर सोपवलं. आणि सरांना मी हे सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

मशीनमधली चिप जुनी. लिहिलेला प्रोग्रॅम तिच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला एकोणनव्वद सालचं सी कळतं, पुढचं नाही. दादा तिच्यासाठी तसंच लिहायचा. मी पुण्यातल्या सवयीनं दोन तिरप्या रेघांच्या टिपा घातल्या, बूल, इनलाइन असले नंतर आलेले शब्द घातले. माझ्या लॅपटॉपवर चाललं — मशीनवर बघितलंच नाही.

आता एकेक टीप जुन्या पद्धतीनं, तिरपी रेघ आणि चांदणीत बंद करतोय. बूलच्या जागी जुनं इंट.

५ फेब्रुवारी

केंद्रावरचे गोरोबामामा समाचाराला आले. म्हणाले, "लोकं कॅन घिऊन हुबी. मुकुलराव असते तर गाडीवर आले असते. आता समदे म्हनतेत, त्यांनीच चुकीचं करून ठिवलं. व्हय का वो?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी चहा पीत राहिलो.

६ फेब्रुवारी

इनलाइन काढलं. सरांना अजून सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी

मशीन चालू झालं. सर खूश. "पण मुकुलच्या बाकीच्या फायली काढून टाकतो. भरवसा राहिला नाही. नवा माणूस नव्यानं लिहील."

दादाचं इतक्या वर्षांचं काम. आणि मी "बरं" म्हणालो! वहिनी तिथंच भाजी निवडत होत्या. फोन स्पीकरवर होता.

८ फेब्रुवारी

जेवलो नाही. आईला वाटलं, दादाची आठवण.

९ फेब्रुवारी

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अक्षराताई काल येऊन गेल्या. फाइल मीच बिघडवली म्हणाल्या, यांच्या बाकीच्या तेवढ्या ठेवा म्हणाल्या. ठेवल्यात. तुम्ही आता वहिनीवर पांघरूण घालताय. शोभता मुकुलचे भाऊ."