आईने कापलेली पास्तियासची वेष्टने चाळिसाव्या दिवसासाठी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
लोककला व वारसा जतन कार्यालय,
सान सेलेरिनो, फिलिपिन्स.

विषय : मयत आईच्या हातची कागदी वेष्टने येत्या शनिवारपूर्वी ताब्यात मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.

महोदय,

मी, लुझविमिंदा पांगानिबान, राहणार चिंचेची गल्ली, हा चौथा अर्ज सादर करीत आहे. आधीच्या तिन्ही अर्जांत मी 'कृपया' लिहिले होते. याही अर्जात लिहीत आहे, परंतु अक्षर थरथरले आहे ते आदरापोटी नव्हे, याची नोंद घ्यावी.

माझी आई आपोलोनिया, जिला अख्खे गाव आलिंग पोलेंग म्हणे, जन्मभर पास्तियासची वेष्टने कापत आली. म्हशीचे दूध आटवून केलेली बोटाएवढी वडी, तिच्याभोवती पतंगाचा पातळ कागद, आणि त्या कागदाची हातभर लोंबती शेपटी. त्या शेपटीत ती नखाएवढ्या कात्रीने घर, भाताचे शेत, फुले, माणसाचे नाव, वाटेल ते कापी. आपल्या माहितीफलकावर 'नाजूक कलाकृती, हात लावू नये' असे छापले आहे. महोदय, त्या वस्तूला हात लावल्याशिवाय वडी खाता येत नाही. शेपटी धरून ओढायची, कागद टराटरा फाडायचा, वडी तोंडात टाकायची, ही आपल्या गावची रीत. सणाच्या दुसऱ्या दिवशी अंगणात रंगीत कागदांचा केर पडे आणि आई तो हसत झाडून काढी. मी एकदा हळहळले, तर म्हणाली, "फाटले नाहीत तर पुढच्या वर्षी मी कापू काय, माझं डोकं?" फाटले म्हणून नवे कापले, नवे कापले म्हणून हात शिकले. आपण ज्याला वारसा म्हणता तो आमच्याकडे असाच टिकला.

शेवटच्या आजारपणात तिने जी वेष्टने कापली ती स्वतःच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या, म्हणजे येत्या शनिवारच्या, जेवणासाठी होती. गल्लीतल्या प्रत्येकासाठी वेगळे, शेपटीत त्याचे नाव. "लोक तोंडं पाडून येतील, निदान जाताना तरी हसत जाऊ देत," असे तिचे म्हणणे. आम्ही डोकावू लागलो की वर उशी ठेवी. "मेल्यावर बघा. घाई असेल तर प्रार्थना करा, लवकर मरेन."

मूठमाती देऊन आल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थना सुरू असताना आपल्या कार्यालयाचे श्री. दिओस्दादो घरी आले. त्यांनी आईच्या फोटोला हात जोडले, मलाही भरून आले. "आठ दिवसांचं प्रदर्शन आहे ताई, लगेच परत आणून देतो," असे म्हणून त्यांनी वेष्टनांची अख्खी थप्पी उचलून नेली. मला अभिमान वाटला होता. आता तो आठवला की स्वतःचाच राग येतो.

पहिल्या अर्जावर आपण कळविले की वारसा वापरण्यासाठी नसून जपण्यासाठी असतो. दुसऱ्या अर्जावर कळविले की वस्तू परत देण्यास कलाकाराची समक्ष संमती आवश्यक आहे. कलाकार मयत असल्यामुळेच मी अर्ज करीत आहे, हे मी लिहून दिले. त्यावर 'कलाकाराने अर्जासह उपस्थित राहावे' असे उत्तर आले. ती उपस्थित राहू शकली असती तर मी आपल्या दाराशी आले नसते. तिसऱ्या अर्जावर आपण यंत्रावर छापलेल्या प्लास्टिकच्या प्रती पाठविल्या, प्रत्येकीवर कार्यालयाचे बोधचिन्ह. त्या फाटत नाहीत. आम्ही दातांनीही ओढून पाहिल्या.

गेल्या आठवड्यात मी शेजारीण इलुमिनादा हिला घेऊन तिकीट काढून आत गेले. काचेच्या पेटीत थप्पी जशीच्या तशी आहे, वरचे एकच वेष्टन तेवढे उलगडलेले, आणि ते नेमके इलुमिनादाचे. त्यात तिचा कोंबडा आहे. याच कोंबड्यावरून आईचे आणि तिचे वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. "अगं मेले, तुरासुद्धा तस्साच कापलायस गं!" असे म्हणून ती तिथेच मटकन बसली आणि मोठ्याने रडू लागली. श्री. दिओस्दादो म्हणाले, "शांतता राखा. आणि रडता काय, प्रकाशयोजना बघा किती सुंदर केलीये!" प्रकाशयोजना सुंदर आहे, हे मी येथे लेखी मान्य करते. खालची वेष्टने उलगडून दाखवा म्हटले तर नियमात बसत नाही.

तरी विनंती की वेष्टने परत द्यावीत. ते शक्य नसल्यास शनिवारपुरती द्यावीत, सोबत पहारेकरी पाठवावा, त्याचेही पान मांडू. आमच्याकडे पाठविणे शक्य नसल्यास सर्व गल्लीला आपल्या दालनात येऊ द्यावे. आम्ही पेटीसमोर जमिनीवर बसून उघड्या वड्या खाऊ, सांडणार नाही, जाताना झाडून जाऊ.

यांपैकी काहीच जमणार नसेल, तर शेवटची एक मागणी आहे. मी बरीच वर्षे हाँगकाँगला दुसऱ्यांची मुले सांभाळत होते. आईचा हात थकल्यावर परत आले. ती कापत असताना मी विचारले होते, "नानाय, माझ्यासाठी काय कापलंस?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तू काय पाहुणी आहेस?" आणि कात्री चालत राहिली. हे ती मायेने म्हणाली की रागाने, मला त्या वेळी कळले नाही, आणि पुन्हा विचारायला वेळ मिळाला नाही.

म्हणून विनंती, की आपल्या माणसाने हातमोजे घालून, नियमाप्रमाणे, थप्पी एकदा शेवटपर्यंत पाहावी. एखाद्या शेपटीत 'लुझ' असे नाव असेल, तर त्यात काय कापले आहे ते मला पोस्टाने कळवावे. वेष्टन आपल्याकडेच राहू द्यावे, मी पुन्हा अर्ज करणार नाही.

आणि ते नाव त्यात नसेल, तर मात्र कृपा करून काहीही कळवू नये.

आपल्या पत्राची वाट पाहणारी,

(सही)
लुझविमिंदा पांगानिबान
दि. १२ नोव्हेंबर २०२४

सोबत : आईच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट.